तोंड वाकडे झाले, तर आधी घड्याळ पाहा

बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतील आम्हा मुलामुलींसाठी डॉक्टरकीचे शिक्षण एसटीच्या अंतरावर आले. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र असते. त्यात डोके, मान आणि मेंदू हा भाग सर्वांत अवघड. त्यातले घराघरांत उपयोगी पडेल तेवढे येथे सांगत आहोत.

मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या चार धमन्या मानेतून वर जातात. रक्त थांबले, की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. गुठळी अडकून किंवा रक्तवाहिनी फुटून असे घडते. यालाच आपण लकवा म्हणतो.

मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते, उजवी बाजू डावा. म्हणून एकाच बाजूचे हातपाय लुळे पडतात. बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते.

आम्ही हे शिकण्याच्या आधीची गोष्ट. वस्तीतल्या एका आजींच्या तोंडातून सकाळी चहा सांडू लागला. कोणी म्हणाले, वारं गेलं. कोणी कांदा हुंगवला, कोणी तेल चोळले, कोणी ‘बाहेरचं’ बघायला सांगितले. संध्याकाळी रुग्णालयात पोचलो, तेव्हा डॉक्टरांनी पहिले विचारले, “सुरुवात किती वाजता झाली?” गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. आजी वाचल्या. उजवा हात आणि बोलणे मात्र गेले. आज पुस्तकात डाव्या मेंदूचे चित्र उघडले, की आम्हाला आजी आठवतात.

म्हणून लक्षात ठेवा:

१. हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का?
२. दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली येतो का?
३. साधे वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का?

यातले एक जरी अचानक दिसले, तरी वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. थोड्या वेळाने बरे वाटले, तरी दाखवाच.

बहुतेक लकव्यांच्या मागे वाढलेला रक्तदाब असतो. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. आरोग्य केंद्रात तो मोजून घ्या, सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नका, तंबाखू आणि बिडी सोडा.

हे ज्ञान आम्हाला देहदान केलेल्या अनोळखी माणसांनी दिले. त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण फेडायचे, तर हे तीन प्रश्न वस्तीतल्या प्रत्येक घरात पाठ झाले पाहिजेत.