बेटावर केव्हा जावे?

समजा तुमच्या शाळेची सहल मॉरिशसला जायची आहे आणि महिना निवडण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे. मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची की नाताळची? तुमच्यापैकी बहुतेक जण आधी विचारतील, "तिथे उन्हाळा केव्हा आणि हिवाळा केव्हा?" आपल्याकडे हा प्रश्न अगदी योग्य आहे. उष्ण कटिबंधातील बेटाच्या बाबतीत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. का, ते पाहू.

नकाशा उघडा. मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेला, सुमारे २०° दक्षिण अक्षांशावर आहे. आपले नागपूर आहे सुमारे २१° उत्तर अक्षांशावर. म्हणजे दोन्ही ठिकाणे विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. मॉरिशसला २२ डिसेंबरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६.५° उंचीवर असतो, तर २१ जूनला फक्त ४६.५° उंचीवर. नागपूरलाही जवळजवळ हेच घडते. महिने तेवढे उलटे.

सूर्य सारखाच, मग हवामानही सारखेच असायला हवे! पण तसे नाही. नागपूरला मे महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ४२° सेल्सिअसच्या आसपास जाते आणि जानेवारीच्या रात्री ते १३° च्या आसपास उतरते. मॉरिशसमध्ये ऐन उन्हाळ्यातील दुपार सरासरी २९° ची, तर ऐन हिवाळ्यातील रात्र १६° ची. तेथे नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि मे ते ऑक्टोबर हा हिवाळा. पण या दोन ऋतूंच्या सरासरी तापमानात फरक किती? जेमतेम ४ अंशांचा.

ही करामत समुद्राची. एक किलोग्रॅम पाणी १° ने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल उष्णता लागते; तेवढ्याच कोरड्या खडकाला सुमारे ८०० ज्यूल पुरतात. शिवाय जमिनीचा वरचा पातळ थरच तापतो, तर पाण्यात ऊन खोलवर शिरते आणि लाटा ती उष्णता खाली घुसळतात. म्हणून समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. सूर्य डिसेंबरात डोक्यावर येतो, पण मॉरिशसचे सर्वांत उबदार महिने जानेवारी आणि फेब्रुवारी. भोवतालचे पाणी तर त्याहून उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सर्वाधिक तापते.

तेव्हा तापमानाचा प्रश्न बाजूला ठेवू आणि तीन नवे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न पावसाचा. बेटावर वर्षाला सरासरी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दोन-तृतीयांश पाऊस उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत. फेब्रुवारी-मार्च सर्वांत ओले, ऑक्टोबर सर्वांत कोरडा.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. येथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. ही दमट हवा मधल्या पठारावर चढताना प्रसरण पावते, थंड होते आणि पाऊस पाडते. पलीकडे उतरताना ती दाबली जाऊन तापते व कोरडी होते. त्यामुळे पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर १००० मिलिमीटरहूनही कमी! महाबळेश्वरचा पाऊस वाईला पोचेपर्यंत किती उरतो हे ठाऊक असलेल्याला यात नवल वाटणार नाही. म्हणजे 'केव्हा जावे' याबरोबर 'बेटाच्या कोणत्या बाजूला जावे' हेही ठरवायला हवे. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनारा वाऱ्याने झोडपलेला असतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर समुद्र बराच शांत असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : चक्रीवादळाचा. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान सुमारे २६.५° च्या वर गेले की बाष्पीभवन जोरात होते. ही वाफ वर जाऊन निवते, म्हणजे तिचे पुन्हा पाणी होते, तेव्हा तिच्यातील अप्रकट उष्णता बाहेर पडते. हेच वादळाचे इंधन. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागते. मॉरिशसमध्ये वादळांचा काळ साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत धरतात. १९६० चे 'कॅरोल' आणि १९७५ चे 'जर्वेझ' ही दोन्ही विध्वंसक वादळे फेब्रुवारीतली. 'कॅरोल'ने इतकी घरे पाडली की त्यानंतर लोक काँक्रीटची घरे बांधू लागले. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाने पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर पूर आणला.

आता निर्णय घेऊ. नाताळात ऊन भरपूर, समुद्र कोमट. पण वादळांचा काळ सुरू झालेला. मे महिन्यात तो काळ संपत आलेला, हवा सुखद, वारे मात्र वाढू लागलेले. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सर्वांत उत्तम : पाऊस सर्वांत कमी, वादळांचा काळ अजून दूर आणि हवेत ऊब येऊ लागलेली. पाणी तेवढे जरा गार लागेल, कारण समुद्र अजून तापायचा आहे!

एक गोष्ट मात्र विसरू नका. सरासरी म्हणजे हमी नव्हे. कोरड्या ऑक्टोबरातही तुमच्या वाट्याला भिजका आठवडा येऊ शकतो, आणि फेब्रुवारीत गेलेला प्रवासी आठ दिवस निरभ्र आकाश पाहून परत येऊ शकतो. पण या दोन चुकांची किंमत सारखी नाही. पावसाने फार तर सहल भिजेल. चक्रीवादळात जिवाशी गाठ असते. म्हणून महिना निवडताना एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, याबरोबरच ती घडली तर काय होईल, हेही तोलायचे असते. प्रवाशाला निदान महिना निवडता येतो. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे बाराही महिने राहतात. त्यांना वादळाच्या सूचनेवर लक्ष ठेवूनच उन्हाळा काढावा लागतो.

आता थोडे काम तुमच्यासाठी. पोर्ट ब्लेअर सुमारे ११.७° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. भूगोलाच्या पुस्तकातून तेथील बारा महिन्यांचे पाऊसमान घ्या, आलेख काढा आणि वरील तीन प्रश्न विचारून सहलीचा महिना ठरवा. तुमचे उत्तर मॉरिशसच्या उत्तरापेक्षा वेगळे येईल. ते का वेगळे आले, हे वर्गात समजावून सांगता आले, तर धडा कळला असे समजा.