रुई आणि बिबळ्या रुईकर

म्हैसूर शहराच्या वायव्येस हूटगळ्ळी ही उद्योगवसाहत आहे. तेथे मोकळ्या जागांवर रुई आपोआप उगवते. कन्नड भाषेत तिला 'एक्क' म्हणतात. महाराष्ट्रात शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ वाहतात, तीच ही रुई. देवळात तिला मान आहे. अंगणात मात्र ती तण म्हणून उपटली जाते आणि फुलपाखरे यावीत म्हणून तिच्या जागी रोपवाटिकेतील शोभेची फुलझाडे लावली जातात!

फुलांतील मधाने फुलपाखराची भूक भागते; परंतु त्याच्या अळीला पाने लागतात आणि तीही ठरावीक वनस्पतींचीच. बिबळ्या रुईकर, म्हणजेच 'प्लेन टायगर', या नारिंगी फुलपाखराची मादी रुईच्या पानांवर एकेक अंडे घालते. काही दिवसांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी बाहेर पडते. रुईचा चीक विषारी असतो. अळी आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते, मग पान खाते. तरीही पोटात गेलेल्या विषाचा काही अंश तिच्या शरीरात साठतो व पुढे फुलपाखरातही उतरतो. त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. या संरक्षणाचा लाभ इतरांनाही मिळतो : 'डॅनेड एगफ्लाय'ची मादी विषारी नसते, पण रंगरूपाने हुबेहूब बिबळ्या रुईकरासारखी दिसते.

रुईच्या बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो. त्या वाऱ्यावर उडण्यापूर्वीच फळे गोळा करावीत. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन एवढीच या झाडाची गरज. जास्त पाणी घालू नये. चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ते लावावे आणि हाताळल्यावर हात धुवावेत. जागा अपुरी असल्यास कुंपणावर त्याच कुळातील हरणदोडीची वेल चढवावी. 'ब्लू टायगर'च्या अळ्या तिच्यावर वाढतात. रोपवाटिकांत मिळणारे लाल-पिवळ्या फुलांचे हळदीकुंकू याच कुळातील असले, तरी ते मूळचे अमेरिकेतील आहे.

अळ्या वाढू लागल्या, की रुईची पाने चाळणीसारखी होतात. 'कीड लागली, औषध फवारा,' असे शेजारी सुचवतात. अशा वेळी फवारणी टाळून पानांची खालची बाजू पाहावी. तेथे हिरवट वा गुलाबीसर कोष लोंबत असतो. साधारण आठ-दहा दिवसांनी त्यावर नारिंगी पंखांचा रंग उमटू लागतो.