पोटातील अल्सर : समज, गैरसमज आणि उपचार

मार्चअखेरचे दिवस होते. आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घेत आणि पोटात जळजळ झाली की कपभर थंड दूध पीत. एके दिवशी शौचास डांबरासारखे काळे झाले. ‘खाण्यात काही आले असेल’ असे म्हणून त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच त्यांना घेरी आली. एंडोस्कोपीत जठरातील व्रणातून, म्हणजेच अल्सरमधून, रक्तस्राव होत असल्याचे आढळले. वेळेवर उपचार मिळाल्याने ते बचावले.

अल्सर का होतो?

जठरातील तीव्र आम्लापासून आतील अस्तराचे रक्षण एक बुळबुळीत थर करीत असतो. हे कवच दुबळे झाले की अस्तरालाच इजा होऊन व्रण पडतो. तिखट आणि चिंता यांमुळे अल्सर होतो, अशी जुनी समजूत आहे. त्यांनी त्रास वाढू शकतो. परंतु मुख्य कारणे दोन आहेत : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये या जिवाणूचा छडा लावला. इतरांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूयुक्त द्रव स्वतःच प्राशन केला व जठरदाह ओढवून घेतला! २००५ मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उपचार

श्वासाच्या, मलाच्या किंवा एंडोस्कोपीद्वारे केलेल्या तपासणीने जिवाणूचे निदान होते. आम्ल कमी करणारे औषध आणि प्रतिजैविके साधारणतः १४ दिवस देतात. बरे वाटताच गोळ्या सोडणे म्हणजे ठेव मुदतपूर्व मोडणे होय. येथे नुकसान व्याजाचे नसून आरोग्याचे असते, कारण उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

हे लक्षात ठेवा

• वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मात्र हृदयविकारासाठी दिलेले अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नये.
• धूम्रपान व मद्यपान टाळावे. स्वच्छ पाणी प्यावे, हात धुऊन जेवावे.
• दुधाने तात्पुरते बरे वाटते, पण नंतर आम्ल वाढते.
• काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना त्रास किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आमचे सहकारी आज पुन्हा काउंटरवर आहेत. त्यांच्या खणात आता गोळ्यांची पाकिटे नसतात. दुपारी दोन वाजता मात्र जेवणाचा डबा न चुकता उघडला जातो.