शेतातील घरटी व अंडी यांचे रक्षण

वैशाखात ढेकळे फोडण्यासाठी शेतकरी वखर घेऊन रानात उतरतो, तेव्हा एखादी टिटवी अकस्मात त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडू लागते. टिटवीचे ओरडणे अशुभ, अशी समजूत खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. वस्तुतः त्या ओरडण्यात शकुन-अपशकुन काहीच नसतो. जवळच कोठे तरी तिची अंडी असतात व वखर त्यांच्या दिशेने येत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर उथळसा खळगा करून, भोवती खडे मांडून, त्यात ती बहुधा 4 अंडी घालते. अंड्यांचा मातकट रंग व त्यांवरील काळपट ठिपके यांमुळे ती ढेकळांत सहसा दिसत नाहीत. नर व मादी आळीपाळीने सुमारे 4 आठवडे ती उबवितात. भर उन्हाळ्यात तर उबविण्यापेक्षा सावली देण्याचेच काम अधिक असते. त्यासाठी टिटवी पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते व अंड्यांवर बसून ती थंड राखते. अशा वेळी माणसे वा कुत्री घरट्यापाशी रेंगाळली, तर पक्षी दूर राहतो आणि तापलेल्या जमिनीवर अंड्यांतील जीव थोड्याच वेळात मरतो. अंड्यास हात लावला नाही म्हणजे अपाय झाला नाही, असे म्हणूनच समजू नये.

या पक्ष्यांचा शेतीस उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. टिटवी भुंगेरे, वाळवी, अळ्या व गोगलगायी खाते. नांगरामागे किंवा गुरांच्या पाठीवर दिसणारा कोतवाल नाकतोडे व पतंग टिपतो. पिंगळा व गव्हाणी घुबड उंदीर मारतात. हरभऱ्यातील घाटे अळीच्या बंदोबस्तासाठी शेतात पक्षीथांबे उभारावेत, असा सल्ला कृषिविस्तार कार्यकर्ते देतात. परंतु उन्हाळ्या-पावसाळ्यात बांधावरील कोतवालाची घरटी मोडली गेली, तर रब्बीत त्या थांब्यांवर बसावयास पक्षी कोठून येणार?

सुगरण व चिमणी दाणे खातात, हे खरे. तथापि त्याही आपल्या पिल्लांना किडे व अळ्या भरवितात. सुगरणीची घरटी पावसाळ्यात, म्हणजे किडींचा जोर असताना, बाभळीवर झुलत असतात. ज्वारी दाण्यावर आल्यावर माळ्यावरून राखण करावी, परंतु घरटी मोडू नयेत. चीनमध्ये 1958 साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांच्याविरुद्ध देशव्यापी मोहीम काढण्यात आली. घरटी मोडली, अंडी फोडली. पुढे पिकांवरील कीड वाढली आणि 1960 साली त्या मोहिमेतून चिमणीचे नाव वगळून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

कायद्यानेही हे रक्षण आवश्यक मानले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे.

शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. वखरणीत वा कोळपणीत अंडी आढळल्यास ती उचलून दुसरीकडे ठेवू नयेत. काही पावलांवर काठी रोवून खूण करावी व औत त्या जागेस वळसा घालून न्यावे. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात व ती जागा मोकळी होते. हातभर जमीन महिनाभर पडीक राहिल्याने उत्पन्नात काहीच तूट येत नाही.

2. घरटे असलेल्या झाडाची छाटणी पिल्ले उडून जाईपर्यंत लांबणीवर टाकावी. बांधावरील पाचोळा व गवत पेटवू नये. तित्तिर व लावे यांची अंडी तेथेच असतात.

3. ढोली असलेली जुनी आंब्याची वा चिंचेची झाडे शक्यतो तोडू नयेत.

4. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडलेले दिसल्यास ते हलक्या हाताने घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लास टाकून देतात, ही समजूत चुकीची आहे. पिसे फुटलेले पिल्लू मात्र तेथेच राहू द्यावे. त्याचे आईबाप जवळपास असतात.

ग्रामसेवकांनी हा विषय शाळेतील मुलांपुढे अवश्य मांडावा, कारण पुष्कळशी घरटी मुलांच्या खेळात नष्ट होतात. घरटे दुरून पाहावे, कोणता पक्षी काय भरवितो याची वहीत नोंद करावी, असे काम मुलांना द्यावे. चोचीत अळी घेऊन दिवसभर येरझारा करणारा पक्षी ज्या मुलाने एकदा पाहिला, त्याचा हात पुन्हा घरट्याकडे सहसा जाणार नाही.