छोटे तैलचित्र: कुठे, किती खर्चात आणि पैसे कुठे वाचवाल

वांगी, तांब्याचा गडवा, द्राक्षांचा घड किंवा घाटावरची सकाळ. घरगुती विषयांची छोटी तैलचित्रे रंगवायला तुम्हाला १,४०० ते २,४०० रुपये पुरतात. स्टँड, लाकडी पेटी, महागडा क्लास यांची सुरुवातीला गरज नाही. आकार एकच ठरवा: ६ × ८ इंच. खालचे दर सातारा-सांगली भागासाठी ढोबळ आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

रंग: ६०० ते ९०० रुपये

बारा रंगांचा तयार संच घेऊ नका. त्यातले निम्मे रंग ट्यूबमध्येच वाळतात आणि पांढरा सगळ्यात आधी संपतो. सुट्या सहा ट्यूब घ्या: टायटॅनियम व्हाइट (मोठी, ४० मिली), लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. देशी कंपनीचे रंग शिकायला उत्तम. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की वांग्याच्या सालीला शोभेल असा खोल गडद रंग मिळतो.

साताऱ्यात राजपथ आणि पोवई नाका, सांगलीत हरभट रोड आणि मारुती रोड या भागांतल्या मोठ्या स्टेशनरी दुकानांपासून चौकशी सुरू करा. शाळांमुळे जलरंग आणि पोस्टर कलर भरपूर खपतात. तैलरंगांना गिऱ्हाईक कमी, म्हणून माल जुना असू शकतो. दुकानदाराला टोपण उघडून दाखवायला सांगा. टोपण घट्ट चिकटलेले असेल किंवा दाबल्यावर आधी नुसते तेल आले, तर ट्यूब परत करा. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. ‘वर जीएसटी लागेल’ असे कोणी म्हटले, तर देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नावापुढे ‘ह्यू’ लिहिले असेल, तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी रंगद्रव्य असते. सरावाला चालते, पण कॅडमियमच्या भावाने ‘कॅडमियम ह्यू’ घेऊ नका.

तेल, टर्पेन्टाइन, ब्रश: ४६० ते ९५० रुपये

शुद्ध केलेले जवसाचे तेल १०० मिली, टर्पेन्टाइन १०० मिली, प्रत्येकी १०० ते २०० रुपये. ही दोन्ही कलासाहित्याच्या दुकानातलीच घ्या. घाण्यावरचे खायचे जवस तेल रंगात नको, लवकर पिवळे पडते. फर्निचरसाठीचे ‘डबल बॉईल्ड’ही नको, काळपट होते. हार्डवेअरमधले स्वस्त टर्पेन्टाइन फक्त ब्रश धुवायला वापरा. वापरलेले टर्पेन्टाइन बरणीत झाकून ठेवा, गाळ खाली बसला की वरचे निथळून पुन्हा वापरा. मोरीत ओतू नका.

ब्रश तीनच: राठ केसांचे चपटे ४ आणि ८ नंबर, शिवाय बारीक गोल एक. मिळून २०० ते ४०० रुपये. रंग कालवायची सुरी ६० ते १५०. पॅलेट म्हणून घरातली उरलेली पांढरी फरशी पुरते.

पाटी: ३०० ते ५०० रुपयांत डझनभर

तयार कॅनव्हास बोर्ड एकेक घेतला तर ५० ते ९० रुपयांना पडतो. त्यापेक्षा प्लायवूडच्या दुकानात ३ मिमी एमडीएफचा २ × २ फुटांचा तुकडा मागा. त्यातून ६ × ८ इंचाच्या बरोबर १२ पाट्या निघतात. कापण्याची मजुरी आधी विचारा. तुकडा स्वस्त सांगून कापणी जास्त लावतात. पाट्यांवर गेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा. गेसो न लावता रंगवलेत तर लाकूड तेल शोषते आणि रंग निस्तेज होतो.

किती दिवस लागतात

पातळ थर हाताला कोरडा लागायला दोन दिवस ते दोन आठवडे. बर्न्ट सिएना लवकर वाळतो, पांढरा आणि क्रिमसन रेंगाळतात. पावसाळ्यात, विशेषतः वाई-महाबळेश्वरकडे, आणखी वेळ धरा. खालचा थर टर्पेन्टाइनने पातळ, वरचा तेलाचा. उलट केले तर भेगा पडतात. वॉर्निश सहा महिन्यांनंतर. ‘लगेच लावून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा.

जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. एसटी किंवा रेल्वेत टर्पेन्टाइन नेऊ नका. ज्वालाग्राही वस्तूंना मनाई आहे.

चौकटीतला छुपा खर्च

इथेच खिसा रिकामा होतो. चौकटीचा दर फुटावर असतो आणि कोपरे तिरके कापताना पट्टी वाया जाते, तीही तुमच्याच बिलात. हिशेब असा: चित्राचा परीघ अधिक पट्टीच्या रुंदीच्या आठपट. ६ × ८ ला दीड इंची पट्टी लावली, तर २८ अधिक १२, म्हणजे ४० इंच. दुकानदार चार फूट धरतो. फुटाला ६० ते १५० दर असेल, तर २४० ते ६०० रुपये, वर पाठीचा बोर्ड, हुक आणि मजुरी. एकूण आकडा आधी लिहून घ्या. तैलचित्राला काच लागत नाही. ‘काचेसह’ दर सांगितला तर वजा करायला लावा. सगळी चित्रे एकाच मापाची असली, की दोन चौकटींत आलटून पालटून लावता येतात.

विषय आणि पाहण्याची ठिकाणे

विषयाला फारसे पैसे लागत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावची द्राक्षे, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगलीच्या बाजारातली हळकुंडे पाव किलो पुरतात. बाहेर रंगवायचे तर वाई आणि मेणवलीचे घाट, सांगलीचा आयर्विन पूल, हरिपूरचा संगम. सकाळी लवकर जा. दोन तासांत प्रकाश फिरतो, म्हणून सावल्या आधी मांडा. कासला फुलांच्या हंगामात आरक्षण आणि शुल्क दोन्ही बघून निघा. तिथे रंग काढू नका. पेन्सिलीने टिपण आणि फोटो घ्या, चित्र घरी रंगवा.

मूळ तैलचित्रे जवळून पाहायची असतील, तर औंधचे (ता. खटाव) श्री भवानी संग्रहालय गाठा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मांची चित्रे आहेत. अशी शासकीय संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात, निघण्याआधी खात्री करा. फोटोची परवानगी विचारा.

क्लास लावायचाच असेल, तर

छंदवर्गाला बहुधा कागदपत्रे लागत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी चारच प्रश्न विचारा: साहित्य फीमध्ये आहे का, बॅचमध्ये किती जण, तैलरंगच शिकवणार की ॲक्रिलिक, आणि रजा पडली तर तास भरून मिळेल का. पदवीसाठी, म्हणजे बीएफएला, बारावीनंतर एमएएच-एएसी-सीईटी परीक्षा द्यावी लागते. छंदाच्या प्रमाणपत्राने तिथे प्रवेश मिळत नाही.

पहिला डझन संपल्यावर फक्त पांढरी ट्यूब आणि नव्या पाट्या आणाव्या लागतील. हातात पैसे उरले, तर सातवा रंग घेण्याआधी एक चांगला ब्रश घ्या.