निसर्गपरिचय : हिवाळी पक्ष्यांचे मूळस्थान

पावसाळा सरून तलावाचे पाणी ओसरू लागले, की काठच्या चिखलात काही नवे पक्षी दिसू लागतात. रोहिणखेडपासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही कोकणातील खाड्यांवर हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांच्या काही जाती आपल्याकडील पाझर तलावांवरही उतरतात. "गुरुजी, हे कोठून आले?" असे विद्यार्थ्याने विचारल्यास उत्तर देण्याची तयारी शिक्षकाने आधीच करून ठेवावी.

निरीक्षण : कार्तिक ते माघ या काळात सकाळी लवकर, पाच-सहा मुलांचा गट करून, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. शेपटी सतत खालीवर हलविणारा धोबी, काठाने एकटा फिरणारा तुतवार आणि थव्याने चिखल टिपणारा, चिमणीहूनही लहान टिलवा, एवढे तीन पक्षी प्रथम ओळखावेत. ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे दाखवावेत.

मूळस्थान : भोरड्या मध्य आशियातील व पूर्व युरोपातील गवताळ प्रदेशांतून येतात. टिलव्याची घरटी उत्तर ध्रुवाजवळील वृक्षहीन मैदानांत असतात. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नाही व कीटक विपुल असतात. हिवाळ्यात मात्र जमीन गोठते आणि चोचीला अन्न लागत नाही. म्हणून 'थंडी सोसत नाही' एवढेच सांगून थांबू नये. अन्नाचे कारण समजावून द्यावे. टिलव्याचा जन्म तिकडचा असला, तरी वर्षातील अधिक महिने तो घरट्याच्या प्रदेशाबाहेरच असतो. त्याला केवळ पाहुणा म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

हे कसे कळले? : १८९९ मध्ये डेन्मार्कमधील हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी सारिका कुळातील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक व पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालून ते सोडून दिले. कडे घातलेला पक्षी दूरदेशी सापडला, की त्याचा मार्ग कळतो. हे मॉर्टेन्सन शाळाशिक्षक होते, हे आपण ध्यानी घ्यावे. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे कार्य मोठ्या प्रमाणावर केले. असे कडे आढळल्यास त्यावरील क्रमांक, दिनांक व स्थळ त्या संस्थेस कळवावे; पक्षी जिवंत असल्यास सोडून द्यावा.

संस्कार : परतीच्या प्रवासाची शिदोरी म्हणजे याच चिखलात खाऊन अंगी साठविलेली चरबी होय. गमतीने मारलेल्या एका खड्याने सारा थवा उठतो आणि त्याची शिदोरी तेवढी उणी होते. ही गोष्ट मुलांस पटली, तर गलोल आपोआप खाली ठेवली जाईल.

स्वाध्याय : पक्ष्याचे नाव, प्रथम दिसल्याचा दिनांक, स्थळ, संख्या व शेवटी दिसल्याचा दिनांक अशी पाच रकान्यांची नोंदवही वर्गात ठेवावी. शिक्षकाची बदली झाल्यास ती वही शाळेतच राहावी. दहा वर्षांच्या नोंदी एका वर्षाच्या नोंदीपेक्षा कितीतरी अधिक बोलक्या असतात.