शिक्क्याची तारीख पुढे गेली तेव्हा

पुणे, डिसेंबर २०२५

चि. भाचीस,



मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतली तुझी मुलाखत पुढे ढकलली गेल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तिकिटं रद्द, रजा रद्द आणि छोटीला आजोळ दाखवायचा बेतही लांबला. ताईचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं लेकीला तिकडून हाकलूनच दिलंय. तसं काहीही झालेलं नाही. काय अडलं आहे आणि काय अडलेलं नाही, हे आधी नीट वेगळं करायला हवं. म्हणून हे लांबलचक पत्र.

३ डिसेंबरला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं, की १५ डिसेंबरपासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातील आणि त्यासाठी ती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतील. तपासणी वाढली, रोजच्या मुलाखती घटल्या. भारतातल्या कितीतरी जणांच्या डिसेंबरच्या तारखा मार्च २०२६ किंवा त्याही पुढे गेल्या. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, असं दूतावासाने स्पष्टच सांगितलं. लग्नसराई आणि नाताळची सुटी साधून जे आधीच मायदेशी पोहोचले होते, त्यांचे हाल खरे. घरभाडं तिकडे चालू, जानेवारीत मुलांची शाळा तिकडे, नोकरी तिकडे आणि माणूस इथे. बातम्यांनुसार अ‍ॅमेझॉनने अशा अडकलेल्या कर्मचाऱ्यांना २ मार्चपर्यंत भारतातून काम करू दिलं, पण कोड लिहायचा नाही, करारांवर सह्या करायच्या नाहीत, इथल्या ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, अशा अटींवर. प्रोग्रामरने कोड लिहायचा नाही, तर दिवसभर करायचं काय?

तू मात्र अजून विमानात बसली नव्हतीस. तुझी नोकरी, घर, छोटीचं पाळणाघर, ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा, यांतल्या कशालाही धक्का लागलेला नाही. अडला आहे तो पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का, आणि त्याची गरज बाहेर जाऊन परत आत येताना लागते.

हा फरक इतक्या वेळा समजावला जातो, तरी हुशार माणसंही त्यात घसरतात. व्हिसा विमानतळाच्या खिडकीपर्यंत नेतो. आत किती काळ राहायचं, ते आय-९४ ही नोंद ठरवते. व्हिसा संपला तरी आय-९४ चालू असेल, तर माणूस कायदेशीर राहतो. उलट व्हिसावर दोन वर्षं शिल्लक दिसत असतील आणि आय-९४ संपली असेल, तर तो बेकायदा ठरतो, त्याला पत्ता नसला तरी. खरा फास पासपोर्टाच्या मुदतीत असतो. कंपनीची मंजुरी, म्हणजे आय-७९७, तीन वर्षांची आहे, पण पासपोर्ट वर्षभरातच संपतोय, असं दिसलं की अधिकारी अनेकदा आय-९४ पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच देतो. माणूस ७९७ पाहून निर्धास्त घरी जातो, पुढे पासपोर्टाचं नूतनीकरणही करून घेतो आणि समजतो झालं काम. पण आय-९४ आपोआप वाढत नाही. त्यासाठी वेळेत मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर नवा पासपोर्ट घेऊन पुन्हा प्रवेश करावा लागतो. मुदतीपलीकडे १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि वर्ष उलटलं तर दहा वर्षं. म्हणून प्रत्येक प्रवासानंतर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्यायची आणि तारीख वाचायची. नुसती फाइलमध्ये ठेवून भागत नाही. नोंदीत अधिकाऱ्याचीच चूक असेल, तर विमानतळांशी जोडलेल्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते. हे आजच पाहून घे, जावईबापूंचं आणि तुझं, दोघांचं.

शिक्का अमेरिकेतच का देत नाहीत, असं जावईबापूंनी विचारलं म्हणे. २००४ पर्यंत देत असत. बोटांच्या ठशांचे नियम आले आणि ती सोय बंद झाली. २०२४ च्या जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत २०,००० अर्जांपुरता एक प्रयोग झाला, तो तिथेच थांबला. पूर्वी लोक कॅनडा-मेक्सिकोत जाऊन शिक्का घेत. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा, असा दंडक आल्याने ती वाटही आपल्यासाठी मिटली. मुलाखतीशिवाय कागद पेटीत टाकून यायची ड्रॉपबॉक्सची सवलतही त्याच महिन्यापासून बहुतेकांची गेली. एक बारीकशी सोय मात्र शिल्लक आहे. आय-९४ चालू असेल, तर संपलेल्या व्हिसावरही कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं. फक्त तिथे नव्या व्हिसाचा अर्ज करायचा नाही. केला, की ती सवलत हातून जाते.

आता घाईबद्दल. १९ सप्टेंबरचा शुक्रवार तुलाही आठवत असेल. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काच्या घोषणेवर सही केली आणि अंमल शनिवार-रविवारच्या मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटापासून, असं जाहीर झालं. मायक्रोसॉफ्ट, जेपी मॉर्गन यांसारख्या कंपन्यांनी बाहेरच्या कर्मचाऱ्यांना लगेच परत या, असं कळवलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुबईच्या विमानात बसलेले काही प्रवासी सुटण्याआधीच उतरले. इकडे सर्वपित्री अमावास्या आणि नवरात्रासाठी आलेली मुलं, दोन दिवसांपूर्वी उघडलेल्या बॅगा पुन्हा भरून मिळेल त्या भावाने तिकीट काढत होती. शनिवारी खुलासा आला: शुल्क नव्या अर्जांना लागू, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या ये-जा करण्याशी त्याचा संबंध नाही.

त्या धावणाऱ्यांना मावशी दोष देणार नाही. मूळ घोषणेतच प्रवेशाची भाषा होती आणि मोठमोठ्या कंपन्यांचे वकीलही गोंधळले होते. पण त्यातून एक सवय लावून घ्यावी. अशी बातमी आली की आधी घोषणेचा मूळ मजकूर शोधायचा. कोणावर, कोणत्या तारखेपासून, आधीच्या मंजुरीचं काय, एवढ्या तीन गोष्टी त्यात पाहायच्या, आणि कंपनीच्या वकिलाला त्याच तीन गोष्टी लिहून विचारायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ओळखीच्या ओळखीचा अनुभव हा त्याचा अनुभव असतो. त्याच्या मंजुरीचा प्रकार वेगळा असू शकतो.

छोटीच्या कागदांकडे मात्र तुमचं दोघांचंही दुर्लक्ष झालं आहे, आणि हे मावशी रागावूनच सांगते आहे. ती जन्माने अमेरिकन. भारतात यायला तिला व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हवंच. २०२० साली करोनाच्या साथीत काय झालं ते विसरू नका. मार्चमध्ये भारताने परदेशी नागरिकांचे बहुतेक व्हिसा स्थगित केले, ओसीआयवाल्यांचीही व्हिसाविना येण्याची सोय थांबवली. ७ मेपासून परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणायला वंदे भारत मोहिमेची विमानं सुटू लागली, तेव्हा आईबापांचे पासपोर्ट भारतीय आणि कडेवरचं मूल अमेरिकन, अशी कुटुंबं विमानतळावर पेचात पडली. आईबापांना जागा होती, मुलाला नव्हती. २२ मे रोजी गृहमंत्रालयाने भारतीय आईबापांच्या ओसीआयधारक अल्पवयीन मुलांसाठी नियम सैल केला. ज्यांच्या मुलांकडे ते कार्ड होतं, त्यांना ही सवलत सरळ लागू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी शिक्क्यांवर वर्षअखेरपर्यंत बंदी घातली, ती पुढे मार्च २०२१ पर्यंत वाढवली. इकडे आईवडिलांना भेटायला आलेले कितीतरी जण महिनोन्‌महिने इथेच राहिले. भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. ओसीआयचा अर्ज या आठवड्यात भर. फोटो, जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, सगळं घरातच आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं करायचं, ती. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला एका फोनची धास्ती असते. रात्री अवेळी घरून येणारा. भाऊजींची अँजिओप्लास्टी झाल्यापासून तुझ्याही मनात ती आहे, हे बोलून न दाखवताही कळतं. तो फोन आलाच, तर शिक्का नाही म्हणून थांबू नये, असं मावशीचं ठाम मत आहे. परत जायला उशीर झाला तर त्यावर मार्ग निघतो. पण हा निर्णय त्या रात्री घ्यायचा नसतो, आत्ता घेऊन ठेवायचा असतो. तुम्ही दोघांनी बसून ठरवा: एकटीने जायचं की सगळ्यांनी, जावईबापूंचं एच-४ असल्याने तुझा मुक्काम लांबला तर त्यांच्यावर काय परिणाम होईल, घराचं भाडं किती महिने निघेल. कंपनीला आधीच विचारून ठेव, भारतातून काम करू देतील का, किती दिवस, कोणत्या अटींवर, आणि उत्तर लेखी घे. वरिष्ठाने चहा पिताना दिलेला होकार एचआरपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्यानुसार आई किंवा वडील गंभीर आजारी असतील, तर पात्र कर्मचाऱ्याला बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी शाबूत राहते. त्यासाठी कंपनीत किमान बारा महिने नोकरी, रजेआधीच्या बारा महिन्यांत किमान १,२५० तास काम आणि कामाच्या ठिकाणापासून पंचाहत्तर मैलांत कंपनीचे पन्नास तरी कर्मचारी, या अटी आहेत. व्हिसावर असणाऱ्यांनाही हा हक्क आहे. आपली कितीतरी मुलं तो न मागता नुसते सुटीचे दिवस मोजत बसतात.

मार्चमध्ये मुलाखत होईल तेव्हा एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काही वेळा अधिकारी २२१(जी)ची चिठ्ठी हातात देतो, म्हणजे आणखी कागद हवेत किंवा आणखी तपासणी होणार. संकेतस्थळावर मात्र ‘नामंजूर’ असा शब्द दिसतो आणि घरात रडारड सुरू होते. बहुतेकदा ते प्रकरण चालूच असतं. मागितलेला कागद मागितलेल्या पद्धतीने द्यायचा आणि थांबायचं. अर्जात गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांची सगळी खाती खरी लिहायची, घाबरून काही पुसायचं नाही. आणि ‘आतून ओळख आहे’ म्हणणाऱ्या दलालापासून चार हात लांब राहायचं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने बॉट वापरून घेतलेल्या सुमारे दोन हजार तारखा एका फटक्यात रद्द केल्या होत्या. अनुभवाचा खोटा दाखला किंवा खोटं विधान सापडलं, तर कायद्यात त्यासाठी कायमच्या बंदीची तरतूद आहे. मार्चची तारीख जूनवर गेली तर वाईट वाटेल, पण त्यातून बाहेर पडता येतं. या बंदीतून सुटणं फार कठीण.

तिकीट काढताना वाटेतला देशही पाहावा. व्हिसा संपलेला असताना युरोपात विमान बदलायचं, तर काही देश भारतीय पासपोर्टाला विमानतळापुरताही ट्रान्झिट व्हिसा मागतात, आणि चालू अमेरिकी व्हिसा असला तर त्यातून सूट देतात. काउंटरवरची मुलगी ऐकत नाही, कारण नियमबाह्य प्रवासी नेला तर दंड तिच्या कंपनीला होतो. म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचा नियम वाचायचा. शक्यतो थेट विमान घ्यावं.

पासपोर्ट एका जागी आणि त्याच्या, व्हिसाच्या, आय-९४ च्या प्रती दुसऱ्या जागी ठेव. पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलात नवा देते, पण जुन्यातला अमेरिकी शिक्का अमेरिकेत राहून पुन्हा मिळत नाही.

ताई-भाऊजींचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा अजून चालू आहे. तुला येता येत नाही, तर फेब्रुवारीत त्यांनीच यावं, असं इथे ठरत आहे. भाऊजी आढेवेढे घेतायत, पण डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं सांगितलंय. प्रवेशाच्या वेळी सहसा सहा महिने मिळतात. त्यांना नेमकी कोणती तारीख मिळाली ते तू आय-९४ वर पाहा. आरोग्य विमा घेताना आधीपासूनच्या हृदयविकाराबद्दलचं कलम वाच. बहुतेक पॉलिसी तिथे हात आखडता घेतात. मुंबईहून थेट विमानाचं तिकीट बघ आणि दोघांसाठीही व्हीलचेअरची नोंद कर. ताईला ते कमीपणाचं वाटेल, पण न्यूअर्कच्या रांगेत तासभर उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. भाऊजींची औषधं मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत राहतील, ते मावशी पाहील. तारीख पक्की झाली की आधी मावशीला कळव, मग ताईला.

तुझी,
मावशी